धातूची मध्यस्थी

(सदर, नागपूर येथे मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला एखादी पदवीधर वक्ती बोलवावी, हा आपल्या मंडळाचा आजवरचा शिरस्ता. या वर्षी चिटणीसबाईंनी मला उभे केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यानंतर सदर बाजारात संसार करण्यातच दिवस गेले. त्यातून विषय दिला आहे रसायनाचा आणि चुंबकाचा! मी नको म्हटले, तेव्हा चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्हांला जेवढे समजले तेवढेच सांगा. म्हणजे ते आम्हांलाही समजेल." या शब्दांचा आधार घेऊन मी बोलणार आहे. माझी पुतणी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते. तिला मी एकेक गोष्ट तीन-तीनदा विचारली, आणि ती मुलगी कंटाळली नाही, म्हणून हे भाषण झाले.

विषय असा. धंतोली, रामदासपेठ किंवा आपल्या सदरचा रस्ता, कोठेही गेले तरी दवाखान्यांच्या पाट्यांवर 'एम.आर.आय.' ही तीन अक्षरे दिसतात. आपल्यापैकी अनेकींच्या घरातले कोणी ना कोणी त्या नळीत जाऊन आलेले आहे. नळीत काय होते, ते मात्र फारच थोड्या जणींना ठाऊक असते. त्या यंत्राला ऐकू येणारा आवाज फार क्षीण असतो. तो हजारो पट मोठा कसा करावा, यासाठी जगातल्या शास्त्रज्ञांची खटपट चालू आहे, आणि त्या खटपटीत काही धातू मध्यस्थाचे काम करतात. त्या धातूंची ओळख मला करून द्यायची आहे. घाबरू नका. यातले बरेचसे धातू आपल्या घरात येऊन गेलेले आहेत.

आधी नळीविषयी. आपल्या शरीरात पाणी पुष्कळ, आणि पाण्यात हायड्रोजन. हायड्रोजनच्या प्रत्येक अणूच्या पोटात जे केंद्र असते, ते एक इवलेसे चुंबक आहे. नळीभोवती फार मोठे चुंबक असते. नेहमीच्या यंत्राची ताकद पृथ्वीच्या चुंबकशक्तीच्या सुमारे तीस हजार पट. त्या मोठ्या चुंबकात ही इवलीशी चुंबके त्याच्या रोखाने वळू पाहतात. मग त्यांना रेडिओच्या लहरींचा एक हलका धक्का दिला की ती डोलू लागतात, आणि डोलताना स्वतःच रेडिओसारखी लहर बाहेर टाकतात. ती लहर म्हणजे त्यांचा आवाज. यंत्र तो ऐकते आणि त्यावरून चित्र काढते. याला म्हणतात अणुकेंद्राचे चुंबकीय अनुस्पंदन. नाव भारी आहे, एकदाच उच्चारले, पुन्हा उच्चारणार नाही.

येथे क्ष-किरण मुळीच नसतात. अंग भाजणे, जळणे असेही सहसा काही होत नाही. आत जो ठोकल्यासारखा मोठा आवाज होतो, तो यंत्रातल्या तारांच्या वेटोळ्यांत वीज झटपट बदलते म्हणून होतो. यंत्र बिघडले असे समजून ओरडू नये, निमूट पडून राहावे.

हा शोध १९४६ साली अमेरिकेत ब्लॉक आणि पर्सेल या दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणी लावला, आणि १९५२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या कामात आपल्याकडच्या माणसांचाही हात आहे, हे ऐकून मला फार बरे वाटले. ब्लॉक यांच्याच स्टॅनफर्ड विद्यापीठात डॉ. एस. एस. धर्मट्टी काम करीत होते. १९५१ साली धर्मट्टी, आर्नल्ड आणि पॅकार्ड या तिघांनी दाखवून दिले की, मद्यार्कातले सगळे हायड्रोजन एका सुरात बोलत नाहीत. त्यांचे तीन निराळे सूर ऐकू येतात. कोणता अणू कोणाच्या शेजारी बसला आहे, ते त्या सुरावरून ओळखता येऊ लागले. पुढे धर्मट्टी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तेथे त्यांनी हे काम रुजवले. शरीराचे चित्र काढण्याची युक्ती १९७३ साली लाउटरबर यांनी दाखवली. १९७५ साली ती सुधारण्याची जी रीत निघाली, तिच्यातही अनिल कुमार या भारतीय शास्त्रज्ञाचे नाव आहे. म्हणजे हे सगळेच साहेबाच्या देशातले आहे असे समजू नये.

आता तो आवाज क्षीण का, ते पाहू. समजा, कस्तुरचंद पार्कवर दहा लाख बाया जमल्या आहेत. अध्यक्षांनी विचारले, ठराव मान्य आहे काय? जवळजवळ निम्म्यांनी हो म्हटले, निम्म्यांनी नाही. मते एकमेकींना कापून गेली आणि शिल्लक राहिला पाच मतांचा फरक. सारा निकाल त्या पाचांवर! नळीतल्या इवल्याशा चुंबकांचे नेमके हेच होते. दहा लाखांत पाचच काय त्या कामाच्या, बाकीच्या एकमेकींना गप्प करतात. शरीराच्या उबेमुळे सगळ्यांची सारखी धक्काबुक्की चालू असते, म्हणून मोठे चुंबकसुद्धा त्यांना एका बाजूला वळवू शकत नाही.

मग चित्र निघते तरी कसे? तर पाणी अतोनात आहे म्हणून. एका चमचाभर पाण्यात हायड्रोजनचे इतके अणू असतात की, तो आकडा लिहायला तीनपुढे तेवीस शून्ये लागतील. दहा लाखांत पाच धरले तरी आवाज होतो. पण शरीरात जे पदार्थ थोडेथोडकेच आहेत, त्यांचा आवाज या गर्दीत बुडून जातो. आणि रोग पुष्कळदा त्या थोड्या पदार्थांतच आपली खूण ठेवतो.

हे शास्त्र आपल्या दारापर्यंत कसे येते, ते आता सांगते. माझ्या मोठ्या जाऊबाईंची परवानगी घेऊनच बोलते आहे. त्या समोर पहिल्या रांगेत बसल्या आहेत. चार वर्षांमागे त्यांच्या छातीत गाठ निघाली. शहरातल्या एका रुग्णालयात औषध सुरू झाले. दर तीन आठवड्यांनी सलाईन, अशा तीन फेऱ्या. केस गेले, तोंड आले, अन्नाचा वास सहन होईना. नऊ आठवड्यांनी पुन्हा तपासणी झाली तेव्हा कळले की, गाठ होती तेवढीच आहे. औषध लागू पडलेच नव्हते! मग दुसरे औषध सुरू केले. ते लागू पडले आणि देवदयेने त्या आज बऱ्या आहेत. यात डॉक्टरांचा दोष नव्हता. गाठीचा आकार बदलल्याशिवाय चित्रात फरक दिसत नाही, आणि आकार बदलायला वेळ लागतो. पण घरी आल्यावर जाऊबाईंनी विचारले, "ते नऊ आठवडे माझे कोण भरून देणार?" हा प्रश्न आमच्या घरात कोणालाच विसरता आला नाही. माझी पुतणी ही त्यांचीच मुलगी. ती या विषयाच्या मागे लागली ती त्या प्रश्नामुळेच.

तिने मला जे सांगितले त्याची सुरुवात दह्यापासून होते. आपण विरजण लावतो तेव्हा दुधातल्या साखरेचे आम्ल होते, त्याला लॅक्टिक आम्ल म्हणतात. आपल्या शरीरातही अन्नातल्या साखरेपासून पायरुव्हेट नावाचा एक पदार्थ होतो, आणि त्यातला काही भाग त्याच दह्याच्या आम्लाच्या रूपात जातो. कर्करोगाच्या पुष्कळ गाठी हे काम फार जोराने करतात. १९२०च्या सुमारास ऑटो वारबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने हे पाहून ठेवले होते. घरगुती भाषेत सांगायचे, तर रोगट गाठ साखर भराभर आंबवते. औषध लागू पडू लागले की हे आंबवणे मंदावते, आणि ते गाठ आकसण्याच्या आधीच मंदावू शकते. म्हणजे आंबटपणा मोजता आला, तर गाठीच्या आकाराची वाट पाहावी लागणार नाही!

अडचण एकच, आवाजाची. पायरुव्हेट थोडे. त्यातून त्याच्या ज्या कार्बन अणूचे ऐकायचे, त्या कार्बनमध्ये शंभरात एकच अणू बोलणाऱ्या जातीचा असतो, आणि त्याचा आवाज हायड्रोजनहूनही बारीक. म्हणून शास्त्रज्ञांनी ठरवले की, पायरुव्हेट बाहेरच बनवावे, त्यात बोलणारा कार्बन घालावा, त्याचा आवाज आधीच हजारो पट वाढवून ठेवावा आणि मग ते शिरेतून आत सोडावे. २००३ साली याची एक रीत निघाली. तिच्यात पदार्थ जवळजवळ उणे २७२ अंशांपर्यंत थंड करतात आणि सूक्ष्मलहरींच्या योगाने त्याचा आवाज वाढवतात. त्या रीतीने दहा हजार पटींहून अधिक वाढ झाली. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्को येथे ३१ रुग्णांवर या रीतीने केलेला पहिला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. रीत खरी आहे, पण यंत्र फार महागडे आणि एकेक मात्रा तयार व्हायला तास-तास लागतो. आपल्या नागपूरच्या साध्या रुग्णालयाला ते कसे परवडावे? म्हणून दुसरी, स्वस्त वाट शोधणे चालू आहे. ती वाट धातूंची.

भगिनींनो, आता आपण स्वयंपाकघरात येऊ. डालड्याचा पिवळा डबा आणि त्यावरचे ताडाचे झाड आठवते ना? डबा रिकामा झाला की त्यात तुळस लावायची, ही आपल्या घरोघरची रीत होती. डालडा १९३७ साली बाजारात आला. पातळ तेलाचे घट्ट वनस्पती तूप होते कसे, हे आपण कधी विचारले नाही. तेल तापवून त्यात निकेल या धातूची बारीक भुकटी टाकतात आणि दाबाखाली हायड्रोजन सोडतात. नुसते तेल आणि नुसता हायड्रोजन एकमेकांकडे ढुंकून पाहत नाहीत. पण निकेलच्या अंगावर हायड्रोजनची जोडी फुटते, तेलही तेथेच टेकते आणि दोघांचे जुळते. काम झाले की निकेल गाळून घेतात. ते पुन्हा वापरता येते. स्वतः खर्ची न पडता दुसऱ्यांचे जुळवून देणाऱ्या अशा पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात. सोयरीक जुळवणाऱ्या मावशी असतात ना, तशातला प्रकार. दोन घरे एकत्र आणायची आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या लग्नाला निघायचे! निकेलचा हा गुण फ्रान्सच्या साबात्ये यांनी दाखवला आणि १९१२ साली त्यांना नोबेल मिळाले.

त्याच वनस्पती तुपातल्या वाईट चरबीने पुढे हृदयाला अपाय होतो असे दिसून आले, आणि २०२२ सालापासून आपल्या देशात ती शेकडा दोनच्या आत ठेवण्याचा नियम झाला आहे. मध्यस्थ चांगला असला, तरी सोयरीक कशाची जुळवली हे पाहावेच लागते.

तेलाचे हे शास्त्र शिकवणारी संस्था आपल्या गावातच आहे. कामठीचे मँगनीज खाणींचे मालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने नागपूर विद्यापीठाला मोठी देणगी दिली, आणि तिच्यातून १९४२ साली अमरावती रस्त्यावर लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट उभी राहिली. तेलतंत्र हा तेथला जुना विषय. आपल्या मुलींनी तेथे शिकावे, असे मला फार वाटते.

आता हायड्रोजनची एक गंमत. हायड्रोजन नेहमी जोडीने राहतो, आणि या जोड्या दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारात दोघांची चुंबके जोडीने एकाच बाजूची. दुसऱ्या प्रकारात ती एकमेकांविरुद्ध. या दुसऱ्याला पॅरा हायड्रोजन म्हणतात. दोन मुली फुगडी घालतात तेव्हा दोघींची ओढ एकमेकींविरुद्ध असते, म्हणून जोडी जागच्या जागी फिरते. बाहेरच्याला कसलीच ओढ जाणवत नाही. पॅरा हायड्रोजन ही अशी फुगडी. चुंबकाचा एकूण जोर शून्य, म्हणून यंत्राला तो ऐकूच येत नाही. पण प्रत्येक जोडी अगदी एकाच शिस्तीत उभी असते. कस्तुरचंद पार्कवरच्या त्या गोंधळाशी ताडून पाहा. तेथे गर्दी होती आणि एकमत नव्हते. येथे साऱ्या जणी एकमताने उभ्या आहेत, मात्र तोंड मिटून.

साध्या हायड्रोजनमध्ये अशा जोड्या शंभरात पंचवीस. तो उणे २५३ अंशांच्या आसपास थंड केला की जवळजवळ सगळ्याच जोड्या पॅरा होतात. आपल्या नागपूरचा मे महिना पंचेचाळीस अंशांचा. तेव्हा ही थंडी कशी असेल याची कल्पनाच केलेली बरी. पण नुसते थंड करून ठेवले तर हे रूपांतर फार सावकाश होते. ते भराभर व्हावे म्हणून पहिला मध्यस्थ लागतो आणि तो आहे लोखंडाचा गंज! विळीवर, तव्यावर चढतो, ज्याला आपण घासून घासून काढतो, त्याच जातीचा पदार्थ. गंजासारख्या लोहभस्मातून थंड हायड्रोजन नेला की जोड्या चटकन पॅरा होतात. मग गंजापासून दूर करून त्याला पुन्हा ऊब दिली, तरी कित्येक तास, नीट ठेवला तर कित्येक दिवस, तो तसाच राहतो. १९२९ साली बर्लिनमध्ये बोनहोफर आणि हार्टेक यांनी पॅरा हायड्रोजन प्रथम वेगळा केला, तेव्हा त्यांनी तर कोळसाच वापरला होता.

शिस्त आहे, पण आवाज नाही. आता ही शिस्त दुसऱ्या पदार्थाला द्यायची कशी? येथे दुसरा मध्यस्थ येतो. १९८६ साली अमेरिकेतल्या पॅसाडिना गावी बॉवर्स आणि वाइटकँप यांनी गणिताने सांगितले, आणि पुढच्या वर्षी करूनही दाखवले की, धातूच्या मध्यस्थीने ही जोडी दुसऱ्या पदार्थाला जोडली, तर जोडीतल्या दोघींची जागा निराळी होते, फुगडी सुटते आणि दडलेली ओढ एकदम प्रकट होते. इंग्रजी अक्षरे जुळवून त्यांनी त्या रीतीला आपल्या गावाचेच नाव दिले. यात वापरलेला धातू ऱ्होडियम. हा तर आपल्या ओळखीचा आहे. इतवारीच्या सराफ्यात चांदीच्या दागिन्याला काळे पडू नये म्हणून ऱ्होडियमचे पॉलिश देतात, तोच हा. २०१५ साली इटलीत ट्यूरिन येथे रेनेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच धातूच्या साह्याने पायरुव्हेटचा आवाज वाढवला. पायरुव्हेटला थेट हायड्रोजन जोडता येत नाही, म्हणून त्यांनी त्याला हंगामी शेपूट लावले, शेपटाला हायड्रोजन जोडला, शिस्त कार्बनकडे पोचवली आणि मग शेपूट कापून टाकले. पोरीची युक्ती नव्हे, शास्त्रज्ञांची आहे. पण ऐकून मला हसू आले.

तिसरी रीत मला सगळ्यांत आवडली. २००९ साली इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठात डकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती काढली. तिच्यात धातू आहे इरिडियम. घरात जुने फाउंटन पेन असेल तर निबावर बारीक इंग्रजी अक्षरे पाहा. कित्येक निबांवर इरिडियमचे नाव कोरलेले सापडेल. या रीतीत हायड्रोजन कोणाला कायमचा जोडला जात नाही. हळदीकुंकवाला दोन बाया येतात, एका जाजमावर शेजारी टेकतात. एकीच्या हाताचे अत्तर दुसरीला लागते आणि दोघी उठून आपापल्या घरी जातात. दोघींत काही बदलले नाही, पण सुगंध मात्र पोचला. इरिडियम म्हणजे ते जाजम. हायड्रोजनची जोडी आणि औषधाचा रेणू क्षणभर त्यावर टेकतात, शिस्त इकडून तिकडे जाते आणि दोघे सुटतात. लगेच दुसरे पाहुणे येतात. काही सेकंदांत काम होते, आणि त्यासाठी प्रचंड चुंबक लागत नाही. कार्बनकडे शिस्त पोचवायची तर पृथ्वीच्या चुंबकशक्तीहूनही कितीतरी कमी ताकदीची जागा लागते. स्वस्ताईची आशा आहे ती येथे.

पण अत्तर म्हटले की ते उडणारही. वाढवलेला आवाज मिनिटाभरातच ओसरू लागतो. तेवढ्यात औषध शिरेतून गेले पाहिजे आणि चित्रही निघाले पाहिजे. आणखी एक अडचण आहे. मध्यस्थाने काम झाल्यावर मांडवातून निघून गेले पाहिजे. ऱ्होडियम किंवा इरिडियम औषधात राहून माणसाच्या रक्तात जाणे बरे नव्हे. डालड्यातले निकेल गाळायला कारखान्याला वेळ असतो. येथे मिनिटाच्या आत गाळायचे आणि औषध शुद्ध आहे याची खात्रीही करायची! सगळी शर्यत आहे ती येथे. उंदरांवर या रीतींचे प्रयोग झाले आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उत्प्रेरकांवर काम करणारेही आहेत आणि ही आवाज ऐकणारी यंत्रेही आहेत; आपल्या मुलामुलींना शिकायचे तर वाट फार लांब नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. ही तपासणी आज आपल्या गावच्या रुग्णालयात मिळत नाही. कोणी जाहिरात करून पैसे मागितले तर देऊ नका. आणि आज तपासणीच्या वेळी शिरेतून जे औषध देतात ते निराळे. त्यात गॅडोलिनियम नावाचा धातू असतो. तो जवळच्या पाण्याचे चित्र उजळ करतो, पण मी सांगितलेला मध्यस्थ तो नव्हे. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर ते औषध घेण्याआधी डॉक्टरांना अवश्य सांगावे. शरीरात पेसमेकर किंवा कोठलीही धातूची वस्तू बसवलेली असेल, तर तेही सांगावे. बांगड्या, पिना, जोडवी, मंगळसूत्र सगळे काढून ठेवावे. मंगळसूत्र काढायला पुष्कळ बायांचे मन घेत नाही आणि त्या तपासणीच पुढे ढकलतात. सौभाग्य गळ्यातल्या तारेत नसते, भगिनींनो. ते जिवंत राहण्यात आहे.

जाता जाता आणखी एक. उत्प्रेरकाचे हे वर्णन मी घरी सांगितले तेव्हा एक वडीलधारे गृहस्थ कौतुकाने म्हणाले, "म्हणजे घरातल्या बाईसारखेच की! सगळ्यांचे जुळवून देते आणि स्वतः झिजत नाही." मला ते गोड वाटले, पण पुतणी लगेच म्हणाली, "काकू, उत्प्रेरकसुद्धा निकामी होतो. निकेलला गंधक लागले की ते काम करीनासे होते. त्याला शास्त्रात विषबाधाच म्हणतात." म्हणून कारखान्यात तेल आधी स्वच्छ करतात आणि निकेलला जपतात. तेव्हा ज्यांना आपली उपमा द्यायची आहे त्यांनी ती पुरती द्यावी. बाई झिजत नाही, असे समजून तिच्या दुखण्याकडे पाहायचेच नाही, हे शास्त्रालाही धरून नाही. छातीत गाठ लागली तर घरातले लग्न, दिवाळी, मुलाची परीक्षा आटोपेपर्यंत थांबू नये. आवाज मोठा करणारे धातू येतील तेव्हा येतील. आपला आवाज आपण आजच मोठा केला पाहिजे.

म्हणून वर्धापनदिनानिमित्त मंडळापुढे मी एक सूचना ठेवते. आपल्या सदरमधली कोणतीही बाई अशा तपासणीला एकटी जाऊ नये. मंडळाने आठ-दहा जणींची यादी करावी. ज्या दिवशी तपासणी असेल त्या दिवशी एकीने बरोबर जावे, तिचे दागिने सांभाळावेत, आत काय होते ते आधी समजावून सांगावे आणि बाहेर बसून राहावे. या यादीत पहिले नाव माझे लिहावे. दुसरे नाव जाऊबाईंनी स्वतः सांगून ठेवले आहे. बाकीची नावे चिटणीसबाई चहाच्या वेळी लिहून घेतील.